बर्ट ट्राउटमान : मान मोडल्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक, पुढची वीस वर्षं कुणी सांगेल का?

उंबरठा

नमस्कार मंडळी,

मँचेस्टर सिटीचा जर्मन गोली (गोलकीपर) बर्ट ट्राउटमान, त्याचं नाव निघालं की गोष्ट नेहमी एकाच जागी येऊन थांबते. ५ मे १९५६, वेम्बली, एफए कपचा अंतिम सामना, मँचेस्टर सिटी विरुद्ध बर्मिंगहॅम सिटी. सतरा मिनिटं उरलेली असताना ट्राउटमानने बर्मिंगहॅमच्या पीटर मर्फीच्या पायातल्या चेंडूवर झेप घेतली आणि मर्फीचा गुडघा त्याच्या मानेवर बसला. बदली खेळाडूची सोय तेव्हा नव्हतीच, त्यामुळे धड उभंही राहवत नसताना त्याने उरलेला सामना काढला. मँचेस्टर सिटी ३-१ ने जिंकली. चार दिवसांनी एक्स-रे काढला तेव्हा कळलं की मानेचे पाच मणके सरकलेत आणि दुसरा मणका दुभंगलाय. तिसरा मणका त्या दुसऱ्यात घट्ट रुतून बसला, म्हणून माणूस जगला.

गोष्ट खरी आहे आणि ऐकताना अंगावर काटा येतो. पण तेव्हा तो ३२ वर्षांचा होता, वारला तो २०१३ साली, ८९ व्या वर्षी. मधल्या काळाचं काय?

१९६४ पर्यंत तो सिटीकडूनच खेळला, एकूण ५४५ सामने. नंतर स्टॉकपोर्ट काउंटीचा जनरल मॅनेजर झाला, मग जर्मनीत प्रॉयसन म्युन्स्टर आणि ओपेल रुसेल्सहाइम इथे प्रशिक्षक. १९७२ पासून जर्मन फुटबॉल संघटनेने त्याला बाहेरदेशी शिकवायला पाठवलं : बर्मा (आजचं म्यानमार), टांझानिया, लायबेरिया, पाकिस्तान, येमेन. १९८३ पर्यंत तो हेच करत होता. मला हा भाग त्या सतरा मिनिटांपेक्षा मोठा वाटतो, पण त्याबद्दल कुणी दोन ओळींच्या वर लिहीत नाही.

मी स्वतः कॉलेजात गोली होतो. आता दर रविवारी सकाळी आमच्या वस्तीतल्या मुलामुलींना शिकवतो. गोलपोस्ट नाहीत, चपलांचे दोन ढीग असतात. त्यामुळे प्रश्न जिव्हाळ्याचा आहे : ट्राउटमान प्रशिक्षक म्हणून खरंच चांगला होता का? आणि गोली चांगला शिक्षक होऊ शकतो का?

पंचगंगाकाठ

भावा, काय विषय काढलास! आमच्याकडं शाहू स्टेडियमवर गोलीनं पेनल्टी अडवली की आख्खी पेठ रात्रभर झोपत न्हाई. सविस्तर लिहितो. आत्ता जागा धरून ठेवतोय.

मधला_स्टंप

आमच्या गल्लीत नियम साधा होता. ज्याचा बॉल तो सेंटर फॉरवर्ड, आणि ज्याला पळायचा कंटाळा तो गोली. पुढे कोच कोण होणार हे कुणी ठरवलंच नव्हतं.

मृण्मयी_ब्रेमेन

मी अकरा वर्षं ब्रेमेनमध्ये राहते. ट्राउटमान इथलाच, २२ ऑक्टोबर १९२३ चा जन्म. लहानपण ग्र्योपेलिंगेन भागात गेलं. हा गोदीकामगारांचा भाग. 'आ. गे. वेझर' हे मोठं जहाजबांधणीचं आवार इथेच होतं, ते १९८३ मध्ये बंद पडलं. आज तिथे ट्राममधून उतरलात तर तुर्की बेकरी, अरबी किराणा आणि शाळेतून घरी निघालेली निरनिराळ्या देशांतली पोरं दिसतात. ट्राउटमानचे वडील गोदीजवळच्या खत कारखान्यात कामाला होते. घरची ओढाताण होती. मुलगा अंगाने दणकट, हँडबॉल आणि मैदानी खेळांत पुढे.

हँडबॉल लक्षात ठेवा. त्याच्या गोलकीपिंगचं मूळ तिथे आहे.

इंग्लंडमध्ये त्याला जेवढं ओळखतात तेवढं इथे ओळखत नाहीत. कारण सरळ आहे : तो जर्मनीकडून एकही सामना खेळला नाही. झेप हेर्बर्गर तेव्हा राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक होते आणि जर्मन लीगमध्ये खेळणाऱ्यालाच संघात घ्यायचं असा त्यांचा नेम होता. १९५२ मध्ये शाल्के या जर्मन क्लबने त्याच्यासाठी १००० पौंडांची बोली लावली. सिटीचं म्हणणं पडलं की आमच्या माणसाची किंमत याच्या वीसपट आहे. तिथेच विषय संपला. १९५४ चा विश्वचषक जर्मनी त्याच्याविना जिंकली.

खरं_ते_बोला

धाग्याचा विषय प्रशिक्षणाचा आहे हे मान्य. पण एक गोष्ट मांडल्याशिवाय पुढे जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. हा माणूस नऊ-दहा वर्षांचा असताना हिटलरच्या बालसंघटनेत गेला, सैन्यात स्वतःहून भरती झाला, छत्रीधारी तुकडीतून पूर्व आघाडीवर लढला आणि त्याला पहिल्या श्रेणीचा लोहक्रॉस मिळाला. युक्रेनच्या जंगलात माणसांना खड्ड्याच्या कडेला उभं करून गोळ्या घातलेल्या त्याने डोळ्यांनी पाहिल्या आणि तो तिथून निघून गेला. हे त्याने स्वतःच पुढे सांगितलंय. ब्रिटिशांनी पकडल्यावर युद्धकैद्यांची वर्गवारी केली तेव्हा त्याला सुरुवातीला कट्टर नाझींच्या गटात टाकलं होतं.

मुलांना त्याची गोष्ट सांगताना हा भाग गाळू नका. नाहीतर मोडक्या मानेचा एक संत तेवढा हाती उरतो.

मँचेस्टरकर

@खरं_ते_बोला, तुमचं बरोबर आहे आणि मँचेस्टरने ते विसरून त्याला घेतलं असंही नाही. ऑक्टोबर १९४९ मध्ये सिटीने त्याला करारबद्ध केलं तेव्हा निषेधासाठी सुमारे २०,००० लोक रस्त्यावर उतरले. मँचेस्टरमध्ये ज्यू वस्ती मोठी. कित्येकांनी सीझन तिकिटं परत करण्याची धमकी दिली.

दोन माणसांमुळे वारं फिरलं. एक, संघाचा कर्णधार एरिक वेस्टवुड. तो स्वतः नॉर्मंडीत लढून आलेला. त्याने ट्राउटमानचं स्वागत करताना सांगितलं की या ड्रेसिंग रूममध्ये युद्ध नाही. दुसरे, मँचेस्टरच्या ज्यू समाजाचे रब्बी अलेक्झांडर आल्टमान. ते १९३८ मध्ये जर्मनीतून जीव वाचवून इथे आलेले, त्यांच्या आईवडिलांना नाझींनी मारलेलं. त्यांनी वर्तमानपत्रात खुलं पत्र लिहिलं. मथितार्थ असा की जर्मनांनी आमच्यावर केलेल्या क्रौर्यानंतरही, एका देशाच्या पापाची शिक्षा एका माणसाला देणं आम्हाला मान्य नाही. कुणी लिहिलं ते बघा. असं पत्र लिहायचा अधिकार शहरात इतर कुणाला नव्हता.

जानेवारी १९५० मध्ये लंडनला फुलहॅमविरुद्ध सामना झाला. प्रेक्षकांनी सुरुवातीला शिव्या घातल्या. सिटी ०-१ ने हरली, पण त्याने एकामागून एक असे गोल वाचवले की शेवटी दोन्ही संघांचे खेळाडू रांगेत उभे राहून टाळ्या वाजवत होते.

मेन रोड स्टेडियम पाडून आता तिथे घरं झाली आहेत. मी त्याच भागात भाड्याने राहायचो. शेजारचे म्हातारे गृहस्थ लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून त्याला बघायचे. ते मानेबद्दल फारसं बोलत नसत, हाताबद्दल बोलत. 'तो चेंडू फेकायचा,' एवढंच पुन्हा पुन्हा.

केतकी

फेकायचा म्हणजे? सगळेच गोली फेकतात ना?

डोनापावला

@केतकी, आज फेकतात. त्या काळी गोलीच्या हातात चेंडू आला की पायाने उंच उडवायचा आणि नशिबावर सोडायचा. पुढे जाऊन तो कुणाच्या डोक्याला लागेल हे देवाला ठाऊक. ट्राउटमानकडे हँडबॉलवाल्याचा खांदा होता. मैदानाच्या मध्यापर्यंत तो चेंडू हाताने, नेमका आपल्या माणसाच्या पायात टाकायचा. बहुतेक वेळा तो माणूस म्हणजे सिटीचा मधल्या फळीतला केन बार्न्स. म्हणजे गोल वाचवला त्याच क्षणी आपला हल्ला सुरू.

नोव्हेंबर १९५३ मध्ये हंगेरीने वेम्बलीवर इंग्लंडला ६-३ ने लोळवलं. त्यात हिडेगकुटी सेंटर फॉरवर्ड असूनही मागे उतरून खेळला आणि इंग्लंडच्या बचावपटूंना कुणाला धरावं तेच कळेना. सिटीने ती चाल उचलली आणि डॉन रेव्हीला त्या जागी खेळवलं. म्हणून 'रेव्ही प्लॅन'. त्या चालीची पहिली कडी गोलीचा हात होती, कारण चेंडू खात्रीने आपल्याच माणसाकडे गेला तरच बाकीचं सगळं जमतं. १९५५ आणि १९५६ अशा लागोपाठ दोन वर्षी सिटी एफए कपच्या अंतिम फेरीत पोचली ती याच खेळावर. १९५५ ला न्यूकॅसलकडून १-३ हरले.

आम्हा गोंयकारांना गोलीचं कौतुक सांगावं लागत नाही. आमचे गोली ब्रह्मानंद शंखवाळकर यांना खेळताना पाहिलेली पिढी अजून आहे. माझे मामा तर सामन्यात चेंडू कुठे आहे हे न बघता ब्रह्मानंद कुठे उभा आहे हे बघायचे. म्हणायचे, त्याच्याकडे बघितलं की पुढं काय होणार ते कळतं.

उंबरठा

@खरं_ते_बोला, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. गाळणार नाही.

@डोनापावला, मामांचं वाक्य वहीत लिहून घेतलं. गोलीला आख्खं मैदान समोर दिसतं. मागे फक्त जाळी. बाकी दहाजणांना पाठीमागचं दिसत नाही, त्यांना सांगणारा तोच. मला वाटतं शिक्षक होण्याची अर्धी तयारी इथेच होते.

आकडेमोड

थोडं उलट बोलतो. गोली चांगला प्रशिक्षक होतो याला जर्मनीतला पुरावा फार बळकट नाही. १९६६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातला गोली हान्स टिल्कोव्स्की पुढे वेर्डर ब्रेमेनसकट बऱ्याच संघांचा प्रशिक्षक झाला, पण त्याचं नाव निघतं ते त्याने खाल्लेल्या त्या क्रॉसबारवाल्या गोलामुळेच. दुसरा जर्मन गोली टोनी शुमाखर फोर्टुना क्योल्न या क्लबचा प्रशिक्षक होता. डिसेंबर १९९९ मध्ये मध्यंतराला संघ ०-२ ने मागे होता, तेव्हा क्लबचा अध्यक्ष ड्रेसिंग रूममध्ये शिरला आणि त्याला तिथल्या तिथे काढून टाकलं. निकाल १-५.

आता ट्राउटमान. स्टॉकपोर्ट १९६५ ते १९६६, मग राजीनामा. म्युन्स्टर एक हंगाम. रुसेल्सहाइम एक हंगाम. याला यशस्वी कारकीर्द म्हणता येत नाही.

मँचेस्टरकर

स्टॉकपोर्ट तळाच्या विभागातला, पैशाची चणचण असलेला क्लब होता. शनिवारी मँचेस्टरात सिटी किंवा युनायटेडचा सामना असला की स्टॉकपोर्टला कोण येणार? म्हणून अध्यक्षांबरोबर मिळून त्याने सामने शुक्रवारी संध्याकाळी नेले आणि संघाचा गणवेशही बदलला. नंतर अध्यक्षांशी बिनसलं आणि तो बाहेर पडला.

आणि त्याच्या घरचं विसरू नका. १९५६ च्या त्या सामन्यानंतर काही आठवड्यांतच त्याचा पाच वर्षांचा मुलगा जॉन मोटारीखाली सापडून गेला. बाप तेव्हा मानेच्या दुखण्यातून उठलेलाही नव्हता. पुढे संसार टिकला नाही. १९७२ ला तो बर्माला गेला तेव्हा इंग्लंडमधलं त्याचं घर मोडलेलं होतं.

केतकी

हे माहीत नव्हतं. काय लिहावं सुचत नाही.

आकडेमोड

मलाही मुलाबद्दल माहीत नव्हतं. आकड्यांत हे दिसत नाही, खरं आहे.

तरी बर्माबद्दल माझी शंका मांडतोच, कारण प्रश्न त्याचाच आहे. बर्मा तेव्हा आशियातला दादा संघ होता. १९६६ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, १९७० ला बँकॉकमध्ये दक्षिण कोरियासोबत विभागून पुन्हा सुवर्ण. त्याच बँकॉकमध्ये आपल्याला कांस्य मिळालं होतं. १९६८ च्या आशिया चषकात बर्मा दुसरा. ट्राउटमान पोचला तेव्हा संघ तयार होता. १९७२ मध्ये म्युनिक ऑलिम्पिकची पात्रता मिळाली आणि दक्षिण कोरियातला अध्यक्षीय चषकही जिंकला, पण त्याचं श्रेय आधीच्या बर्मी प्रशिक्षकांना जास्त जातं.

उंबरठा

@आकडेमोड, हा मुद्दा मला पटतो आणि आवडतोही. बाहेरून गोरा माणूस आला आणि त्याने फुटबॉल शिकवला, अशी गोष्ट मला करायची नाही. बर्मी खेळाडूंनी आधीच कमावलं होतं. म्युनिकमध्ये त्यांनी सुदानला २-० हरवलं. सोव्हिएत संघ आणि मेक्सिकोकडून हरले, पण दोन्ही वेळा फक्त ०-१. सोव्हिएत संघाने त्या स्पर्धेत कांस्य घेतलं, यावरून अंदाज करा.

आपल्याकडे त्याच वर्षी म्युनिकच्या पात्रता सामन्यांसाठी पी. के. बॅनर्जी भारताचे प्रशिक्षक होते. आपल्याला जमलं नाही. १९६० च्या रोमनंतर आपण ऑलिम्पिक फुटबॉलला परत गेलोच नाही.

मला भावतं ते वेगळंच. तयार संघ बिघडू न देणं हे मोठं काम आहे. नावाजलेला खेळाडू प्रशिक्षक होऊन आला की पहिल्या आठवड्यात सगळं उलटंपालटं करतो. कॉलेजात आमच्याकडे असा एकजण आला होता. आमचा डावखुरा विंगर त्याने बचावात टाकला, त्या मुलाने वर्षभरात खेळ सोडला.

पुणेरी_पास

विषयांतराबद्दल क्षमस्व, पण जर्मन गोली-प्रशिक्षक म्हटल्यावर आंद्रेआस क्योप्के आणि ती चिठ्ठी आल्याशिवाय धागा पुरा कसा होईल? ३० जून २००६, बर्लिन, विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, जर्मनी-अर्जेंटिना १-१. पेनल्टी सुरू व्हायच्या आधी गोलकीपिंग प्रशिक्षक क्योप्केने येन्स लेमानच्या हातात हॉटेलच्या कागदाचा चिटोरा दिला. अर्जेंटिनाचा कोण कुठे मारतो, पेन्सिलीने लिहिलेलं. लेमान प्रत्येक पेनल्टीआधी मोज्यातून चिठ्ठी काढून वाचायचा आणि परत खोचायचा. आयालाची अडवली, काम्बियासोची अडवली, जर्मनी ४-२.

गंमत अशी की काम्बियासोचं नाव चिठ्ठीत नव्हतंच! लेमान तरीही ती उघडून शांतपणे बघत राहिला. समोरच्याला वाटलं, याला सगळं माहिती आहे. नंतर ती चिठ्ठी मुलांच्या मदतनिधीसाठी दहा लाख युरोंना गेली आणि आता बॉनच्या इतिहास संग्रहालयात आहे.

मधला_स्टंप

म्हणजे परीक्षेला नेलेली चिठ्ठी संग्रहालयात ठेवणारा जगातला एकमेव देश. आमच्या सरांना हा धागा पाठवतो.

मृण्मयी_ब्रेमेन

क्योप्केच्या आधी ते काम झेप मायरकडे होतं. १९७४ चा विश्वविजेता गोली, जर्मनीकडून ९५ सामने, बुंडेसलिगात सलग ४४२ सामने. १९७९ मध्ये मोटार अपघात झाला आणि खेळणं संपलं. मग तो बायर्न म्युनिक क्लबचा आणि राष्ट्रीय संघाचा गोलकीपिंग प्रशिक्षक झाला. ऑलिव्हर कान त्याच्या हाताखाली घडला. २००४ मध्ये पहिला गोली कान की लेमान हा वाद पेटला, मायरने उघडपणे कानची बाजू घेतली आणि राष्ट्रीय संघाचा तेव्हाचा प्रशिक्षक क्लिन्समानने त्याला काढून क्योप्केला आणलं.

इथे मायरची दुसरी आठवण जास्त सांगतात. म्युनिकच्या मैदानात एकदा सामना चालू असताना बदक आलं. चेंडू पलीकडच्या बाजूला होता, तर हा गोल सोडून सूर मारून बदक पकडायला गेला. बदक सुटलं.

साल्ट_लेक_२००८

कानचं नाव निघालं म्हणून लिहितोय. एरवी मी नुसता वाचक. २००८ मध्ये नोकरीनिमित्त कोलकात्यात होतो. कानचा बायर्नसाठीचा अखेरचा सामना २७ मेला तिथे, मोहनबागानविरुद्ध. मूळचा मी सांगलीचा, क्रिकेटशिवाय काही बघितलेलं नाही. मित्राने ओढून नेलं. लाखाच्या वर माणसं. बायर्न ३-० ने जिंकलं आणि तिथल्या लोकांनी त्या परक्या गोलीला असा निरोप दिला की माझ्या शेजारचे काका रडत होते. गोली हा माणूस किती एकटा उभा असतो ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

केतकी

सगळ्या गोष्टी पुरुषांच्याच चालल्यात, म्हणून एक माझ्याकडून. जर्मनीची गोली नादिन आंगेरर. २००७ च्या महिला विश्वचषकात तिने संपूर्ण स्पर्धेत एकही गोल खाल्ला नाही, अंतिम सामन्यात ब्राझीलच्या मार्ताची पेनल्टीही अडवली. २०१३ च्या युरोच्या अंतिम सामन्यात नॉर्वेच्या दोन पेनल्ट्या अडवल्या, जर्मनी १-० जिंकली. त्या वर्षीची जगातली सर्वोत्तम महिला खेळाडू तीच. गोली असून! २०१६ पासून पोर्टलंडच्या क्लबमध्ये आणि पुढे स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय संघात गोलकीपिंग प्रशिक्षक झाली.

माझी लेक बारा वर्षांची, शाळेच्या संघात गोली. तिथले सर तिला पाच मिनिटं शूट मारून दाखवतात आणि मग 'तू बाजूला उभी रहा' म्हणून बाकीच्यांकडे वळतात. तिला कुणी काही शिकवतच नाही. उंबरठा, तुमच्या रविवारच्या वर्गात मुली आहेत हे वाचून फार बरं वाटलं.

पंचगंगाकाठ

जागा धरली होती, आता लिहितो.

मी पेठेतल्या तालमीच्या संघात सहा वर्षं गोली होतो. सातवीत असताना वडील पहिल्यांदा शाहू स्टेडियमला घेऊन गेले. त्या दिवशी पाटाकडील तालमीचा सामना होता आणि मी बघत बसलो गोलीकडं. आमच्याकडं गोलीला शिकवणारा असा वेगळा माणूस कधी नव्हता. जुना गोली नव्या गोलीला शिकवायचा, तेही बोलून न्हाई. तुमच्यामागं उभा राहायचा आणि खांद्याला धरून अर्धं पाऊल डावीकडं सरकवायचा. 'हितं.' बस. पुन्हा चेंडू आला की पुन्हा 'हितं.' सहा महिन्यांनी मला कळलं की पोस्टपासून कोन कसा कापायचा. पुस्तकात वाचून दहा वर्षांत कळलं नसतं.

ट्राउटमानच्या वेळीसुद्धा गोलकीपिंग कोच ही जात जन्माला यायची होती. तो युद्धकैद्यांच्या छावणीत गोली झाला, लँकशरमधल्या अ‍ॅश्टन-इन-मेकरफील्डला. आधी बचावात खेळायचा. एका सामन्यात दुखापत झाली म्हणून गोलीबरोबर जागा बदलली आणि तिथंच राहिला. त्याला कुणी शिकवलं? कुणी न्हाई. जे आलं ते हँडबॉलातून आलं, दगडमातीच्या मैदानावर पडून उठून आलं.

म्हणून मला वाटतं बर्मा, टांझानिया, लायबेरिया असल्या ठिकाणी तो योग्य माणूस होता. सोयी नसलेल्या जागी ज्याला सगळं तयार मिळालेलं असतं तो गडबडतो. हा छावणीत शिकलेला. १९४८ ला त्याला मायदेशी परत पाठवत होते तेव्हा हा गेला न्हाई. शेतावर राबला, लिव्हरपूलजवळ न फुटलेले बॉम्ब निकामी करायच्या कामावर राहिला, आणि सुट्टीच्या दिवशी सेंट हेलेन्स टाउनकडून खेळला.

@आकडेमोड, चषक मोजून हे कळणार न्हाई रं.

आकडेमोड

@पंचगंगाकाठ, 'हितं' वाचून थांबलो. मान्य, माझी मोजपट्टी स्टॉकपोर्टसाठी ठीक आहे, लायबेरियासाठी नाही. तिथे पाठवलेल्या माणसाकडून चषक मागितलेच नव्हते. स्थानिक प्रशिक्षक तयार व्हावेत, मुलं खेळायला लागावीत हे काम होतं.

पण मग तो तिथे 'चांगला' होता हे आपण कशावरून म्हणायचं? हा प्रश्न अजून उभाच आहे.

मृण्मयी_ब्रेमेन

तो ते काम दहा वर्षांहून जास्त काळ करत राहिला आणि एका देशातून दुसऱ्या देशात त्याला पाठवत राहिले, एवढं तरी धरता येईल. १९९७ मध्ये जर्मनीने त्याला राष्ट्रीय सन्मान दिला, २००४ मध्ये ब्रिटनने ओबीई हा किताब. ज्या देशाविरुद्ध लढला त्या देशाचाही आणि ज्याच्याकडून कधी खेळू दिलं नाही त्या देशाचाही. शेवटी राहिला मात्र दोन्हीकडे नाही, स्पेनमध्ये, व्हॅलेन्सियाजवळच्या गावात. तिथेच वारला.

डोनापावला

आणि पाकिस्तानात शिकवायला आलेला माणूस आपल्या इतका जवळ येऊन गेला, याची आपल्याकडे कुणाला खबरही नसावी. मामा असते तर त्यांना सांगितलं असतं.

केतकी

@उंबरठा, फेकण्याचा सराव कसा घ्यायचा ते लिहाल का? लेकीला घरी शिकवीन. मला खेळातलं काही येत नाही, पण समोर उभी राहून चेंडू परत देऊ शकते.

उंबरठा

@केतकी, एवढं पुरतं. तिच्यापासून आठ-दहा पावलांवर उभ्या रहा आणि चेंडू तिच्या डाव्या-उजव्या बाजूला लोटत जा. तिने पकडायचा, लगेच उठायचं आणि तुमच्या पायापाशी फेकायचा. हात खांद्याच्या वरून सरळ, क्रिकेटमध्ये सीमारेषेवरून फेकतात तसा. फेकत्या हाताच्या उलट बाजूचा पाय पुढे. चेंडू तळहातात आणि मनगटात धरून ठेवायचा, बोटांच्या टोकांवर नाही. उडत आलेला चेंडू तुम्हाला पायाने थांबवायला त्रास झाला तर फेक चुकली. घरंगळत सोयीने पोचला तर बरोबर. जमायला लागलं की दोन पावलं मागे जायचं. बारा वर्षांच्या खांद्याला पंचवीस-तीस फेका पुष्कळ, जास्त नको.

आणि तिला रविवारी घेऊन या. जवळ असाल तर निरोप पाठवा.

उंबरठा

आज सकाळचं सांगतो. चौदा मुलं होती. मैदानाच्या मध्ये चुन्याने वर्तुळ काढलं आणि तिथे एकाला उभं केलं. गोलीने पायाने मारायचं नाही, प्रत्येक चेंडू त्या वर्तुळात फेकायचा. पहिला अर्धा तास चेंडू सगळीकडे गेले, वर्तुळ सोडून. मग एका मुलाचा नेमका पडला आणि उभा असलेला मुलगा वळून पळत सुटला, समोर कुणीच नव्हतं. दोघांनाही काय झालं ते एकदम कळलं. नंतर पाणी प्यायलाही थांबेनात.

खरं_ते_बोला

वा. फार छान वाटलं वाचून. आणि गोष्ट सांगितलीत का? सगळी?

उंबरठा

सांगितली. मान मोडल्याचं सांगितलं, युक्रेनच्या जंगलाचं सांगितलं, रब्बींच्या पत्राचंही. एका मुलीने विचारलं, मग तो वाईट माणूस होता का? मी म्हटलं, तो वाईट बाजूने लढला आणि ते त्याने पुढे स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. तिने थोडा वेळ विचार केला. म्हणाली, त्या रब्बींना कुणी विचारलं होतं का पत्र लिहा म्हणून, की त्यांनी आपलं आपणच लिहिलं? मला नीट सांगता आलं नाही. पुढच्या रविवारपर्यंत शोधून ठेवतो म्हटलंय.

@मँचेस्टरकर, तुम्हाला काही ठाऊक असेल तर कळवा.